बेस बारीक कर

माझ्या दोन्ही डबल-अठराच्या बेसना त्या रात्री काही काम पडलं नाही. टेम्पोतून उतरवले, स्टेजच्या दोन अंगांना लावले, वायरी जोडल्या, आणि शाहिरांनी येऊन एका वाक्यात त्यांची वासलात लावली. ‘बाला, बेस बारीक कर. शबूद आयकू येव दे.’ मी बारीक केला. ते म्हणाले, अजून. शेवटी बंदच केला तेव्हा मान हलवली. बारा वर्षांच्या धंद्यात ‘बेस बंद कर’ म्हणणारं हे माझं पहिलं गिऱ्हाईक.

आमचा धंदा हळदीचा. वडखळपासून धरमतरच्या खाडीपर्यंत आणि इकडे पेणच्या खारेपाटात, लग्नापेक्षा हळदीची रात्र मोठी. त्या रात्री छातीत ठोका बसला नाही तर पोरं पैसे द्यायला कुरकुर करतात. कोपऱ्यात धवलारीण बसून लग्नाचा धवला म्हणत असते. तिच्यापुढे एक माईक ठेवतो आम्ही, मान म्हणून. तिचं म्हणणं नवरीच्या आईपर्यंत पोचतं की नाही, हे मी कधी बघितलं नव्हतं. गणपतीत मंडळं, जत्रेत ऑर्केस्ट्रा, निवडणुकीत सभा. सभेत तर नेत्याला स्वतःचा आवाज जाड ऐकू आला की तो खूश. म्हणजे बेस तिथेही लागतोच.

वडखळ तसं नाक्याचं गाव. गोव्याला सरळ जा, अलिबागला उजवीकडे वळा. बायपास नव्हता तेव्हा मुंबईहून येणारी प्रत्येक गाडी इथे अडकायची आणि अडकलेल्या गाड्यांवर अर्धं गाव जगायचं. पोह्याचे पापड, मिरगुंडं, हंगामात पांढऱ्या कांद्याच्या माळा. पलीकडे डोलवीच्या कारखान्याचा उजेड रात्रभर आभाळात. शाहिरांचं जुनं पथक जिथे पुन्हा एकत्र येणार होतं ते देवळापुढचं पटांगण त्या उजेडाच्या टप्प्यातलंच. हॅलोजन एक कमी लावला तरी चाललं असतं.

पथकाला नाव होतं. ते इथे देत नाही. त्यातल्या माणसांना ते नाव आता एकमेकांच्या तोंडून ऐकायचं नसतं. लोक नुसतं ‘पथक’ म्हणत. सहा जण. पुढे शाहीर, शेजारी तुणतुण्यावर त्यांचे सख्खे साडू, एक ढोलकी, एक डफ, आणि मागे झील धरायला दोघं. त्यातली एक आमची धवलारीण आत्या. २००६ ते २००८ या काळात पेण, उरण, पनवेलच्या गावांवर महामुंबई सेझचं, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या जमीन-संपादनाचं, सावट होतं तेव्हा या सहा जणांनी किती रात्री जागवल्या त्याला मोजमाप नाही. एसटीने जायचे, बैलगाडीवर उभे राहायचे. एक भोंगा, एक अ‍ॅम्प्लिफायर, ट्रॅक्टरची बॅटरी. लढ्याचे पुढारी एन. डी. पाटील सर; त्यांच्या सभेआधी लोक जमवायचं काम कुणीतरी करावंच लागतं. ते हे करायचे. सर बोलायला उभे राहीपर्यंत मैदान तापलेलं असायचं.

मी तेव्हा इथे नव्हतो. बावीस वर्षांचा होतो आणि मुंबईत एका साउंडवाल्याकडे हेल्पर होतो. हेल्पर म्हणजे हमालच, पण काळा टी-शर्ट घातलेला. २००७ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात रॉजर वॉटर्सचा कार्यक्रम झाला. दिवसभर केबलची भेंडोळी खांद्यावर घेऊन पळत होतो. कोण हा म्हातारा, मला माहीत नव्हतं. आमच्यातला एक शिकलेला मुलगा हरखून गेला होता. त्याने सांगितलं की पिंक फ्लॉइड नावाचा बँड, हा त्यातून १९८५ मध्ये भांडून बाहेर पडला. मग २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कात चौघं पुन्हा एकदा एका स्टेजवर उभे राहिले, चोवीस वर्षांनी. चार-पाच गाणी झाली, गळ्यात हात घालून वाकले आणि आपापल्या घरी गेले. मुलगा हे असं सांगत होता जसं आपल्याकडे भाऊबंदकीची कोर्टकेस सांगतात. पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, त्यांचा कीबोर्डवाला वारला आणि विषय संपला.

त्या दौऱ्यात वॉटर्स इराकच्या युद्धाविरुद्ध, बुशविरुद्ध गात होता. मला इंग्रजी तेवढं कळत नव्हतं. एक मात्र मी कान देऊन ऐकलं. स्पीकर फक्त समोर नव्हते, प्रेक्षकांच्या मागेही होते, आवाज डोक्यावरून फिरायचा. आणि एवढ्या धुमाकुळात त्या माणसाचा शब्द वेगळा राहायचा, भात निवडल्यासारखा. हजारो माणसं तो शब्द त्याच्याबरोबर म्हणत होती. मी बॅरिकेडच्या आत, तोंडात पाव कोंबून, कुणाविरुद्ध बोलतायत ते न कळता मान डोलावत होतो. त्याच महिन्यात घरून आईचा फोन आला होता, की पथकाने काल आपल्या पाड्यावर गाणं केलं, तुझा बाप रात्रभर झोपला नाही. मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. २१ सप्टेंबर २००८, रविवार. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी सेझवर शेतकऱ्यांचं मत घेतलं. जमीन द्यायची की नाही यावर मतपत्रिका टाकायची ही गोष्ट या देशात नवीनच होती. निकाल सरकारने रीतसर जाहीर केला नाही, पण कौल काय पडला ते गावांना पेट्या उघडण्याआधीच माहीत होतं. २००९ मध्ये संपादनाची मुदत टळली. जिंकलो.

आणि जिंकल्यावर पथक मोडलं.

सरकारी भावाने द्यायची नाही म्हणणारी जमीन दलालाच्या भावाने सुटी सुटी जायला लागली. दोन गुंठे, पाच गुंठे, एखादं खाचरच. तुणतुणेवाल्या काकांनी मुलीच्या आजारपणात अर्धा एकर विकली. शाहिरांनी पुढच्याच कार्यक्रमात, ते शेजारी तुणतुणं धरून उभे असताना, नाव न घेता त्यांच्यावर एक कडवं जोडलं. काकांनी गाणं संपेपर्यंत तार छेडली. मग तुणतुणं स्टेजवर ठेवलं आणि घरी गेले. साडू असल्यामुळे लग्नाकार्यात समोरासमोर यायचे, पण पंगतीत मधे चार पानं सोडून बसायचे. पंधरा वर्षं.

मधल्या काळात मी परत आलो. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणात आमची थोडी जमीन गेली. ती सक्तीची होती, त्यात कुणाची हरकत चालली नाही. त्या पैशात माझा मिक्सर आणि टॉप आले. बेस त्या पैशात आले नाहीत. बेस अकरा गुंठ्यांत आले. ते अकरा गुंठे रस्त्याने नेले नव्हते, ते मी आणि बापाने पेणला जाऊन सही करून दिले. हे मी गावात कधी असं उघड बोललो नाही. लोक समजतात सगळं हायवेचंच. मीही दुरुस्त करत नाही.

मग पथक परत का आलं? तर अटल सेतू झाला, भाव चढले, आणि २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेण मिळून १२४ गावांच्या, ३२३ चौरस किलोमीटरच्या नव्या नगराची अधिसूचना निघाली. तिसरी मुंबई. विरार-अलिबाग कॉरिडॉरची मोजणी त्याआधीच चालू होती. चहाच्या टपरीवर पुन्हा सातबारे निघाले. ज्यांनी २००८ ला मतपत्रिका टाकली होती त्यांतले निम्मे आता भिंतीवरच्या फोटोत आहेत आणि त्यांच्या नातवांना ते मतदान माहीतच नाही. तेव्हा गावातल्या काही जुन्या माणसांनी सहाही जणांच्या घरी जाऊन सांगितलं, एकदा उभे राहा. काकांकडे आत्या गेली. ती काय बोलली कुणी सांगत नाही.

माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी दर विचारला. हळदीला मी पंधरा हजार घेतो, त्यांना सहा सांगितले, आणि सहा घेतले. फुकट दिलं असं लिहिलं असतं तर इथे बरं दिसलं असतं.

जानेवारीचा दिवस. दुपारी तीनलाच गेलो, कारण परवानगी रात्री दहापर्यंतची आणि दहानंतर भोंगा वाजला तर सामान उचलतात. खारेपाटात अर्थिंगची एक सोय आहे. सळई दोन ठोक्यांत आत जाते, जमीन ओली आणि खारट, कधी हम येत नाही. तीच खार माझ्या जॅकपिना खाते. दर महिन्याला कानस मारावी लागते. जमीन आपल्याला काय देते आणि काय घेते, याचा हिशेब साउंडवाल्याला जॅकपिनेत मिळतो.

मी पाच माईक लावले. शाहिरांना एक, काकांना एक, ढोलकीला, डफाला, झीलकऱ्यांना. समोर दोन मॉनिटर. इथेच पहिला घोटाळा. मॉनिटरमधून स्वतःचा आवाज पायाशी ऐकू आला तसे शाहीर दचकले. खाली बघून म्हणाले, ‘ह्यो कोन बोलतंय?’ त्यांनी आयुष्यभर भोंगा वापरला. भोंग्यातून आवाज लांब जातो आणि दुरून, कुठल्या तरी भिंतीवर आपटून, परत येतो. त्यावरून त्यांना कळायचं शेवटच्या माणसाला ऐकू गेलं की नाही. मी त्यांना जवळ आवाज देत होतो आणि त्यांना लांबचा हवा होता. मॉनिटर बंद केले.

मग इको. मी सवयीने थोडा ठेवला होता. शाहिरांनी ‘हॅलो’ म्हटलं नाही, कधीच म्हणत नाहीत. गावांची नावं घेतली. दादर, रावे, जोहे, वाशी, शिर्की. नावांना शेपट्या फुटल्या. ते थांबले. ‘गाव एकदाच हाय न? मंग दोनदा कशाला बोलतंस?’ इको बंद केला. आता माझ्याजवळ जे उरलं ते एक मिक्सर, दोन टॉप आणि मधली फ्रिक्वेन्सी. बारा वर्षांत मी जे शिकलो होतो ते सगळं एका तासात खाली ठेवलं, आणि खरं सांगतो, उरलेला आवाज ऐकून मला जरा लाज वाटली. इतका स्वच्छ आवाज माझ्याच सामानातून निघतो हे मला माहीत नव्हतं.

सात वाजता माणसं यायला लागली. म्हातारी आधी. त्यांना जागा धरायची असते. मग बायका. पोरं मोटारसायकलींवर बसून कडेला. कारखान्याची पाळी सुटल्यावर हेल्मेट हातात घेऊन काही जण तसेच आले. त्यांना एका अर्थाने हे गाणं अडचणीचंच. घर त्याच पगारावर चालतं.

गण झाला. आवाज फाटत होता. पंधरा वर्षांत शाहिरांची वरची पट्टी गेलीय, डफवाल्यांना गुडघ्यामुळे खुर्ची लागते, आणि ढोलकीची शाई सुकल्यासारखी वाजत होती. जुन्या बँडच्या पुनर्भेटीबद्दल लिहिणारे लोक म्हणतात की जादू परत आली. इथे पहिली वीस मिनिटं काही परत आलं नाही. पोरं मोबाइलमध्ये. मी मनात म्हटलं, दहा वाजेपर्यंत निभावलं म्हणजे झालं.

मग त्यांनी चरीचा संप लावला. आमच्यापासून अलिबागच्या रस्त्याला, पोयनाडच्या बाजूला चरी. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. शेतकऱ्याने संप करायचा म्हणजे स्वतःच्या ताटावर करायचा. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले, पुढे कायदेमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. संप सहा वर्षं चालला. माणसं जंगलातली लाकडं विकून, खाडीतलं काय हाताला लागेल ते खाऊन राहिली. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. चरीवरून टेम्पो घेऊन मी शेकडो वेळा गेलोय. शाहिरांनी त्यात पोवाड्याची घाई केली नाही. सहा वर्षं म्हणजे किती, हे सांगायला त्यांनी सहा वेळा पावसाळा आणला. दर पावसाळ्याला झीलकरी तेच शब्द धरायचे आणि दर वेळी मधला एक माणूस कमी व्हायचा. चौथ्या पावसाळ्याला कडेच्या मोटारसायकली बंद झाल्या. हेडलाइट विझले ते मी मिक्सरवरून बघितलं.

अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं तेव्हा अमर शेखांच्या पहाडी आवाजाला माईक लागत नसे म्हणतात. ते आपण ऐकलेलं नाही. पण थंडीत खारेपाटाच्या सपाट रानावर आवाज किती लांब जातो ते मी ऐकलंय. साडेआठला माझ्या फोनवर खाडीपलीकडल्या एका मित्राचा मेसेज आला, ‘काय लावलंयस? शब्द न शब्द कळतोय.’ माझे बेस जेव्हा घुमतात तेव्हा त्याचे मेसेज येतात ते वेगळे असतात.

त्यानंतर बतावणी. दलाल आणि शेतकरी. ही त्यांची जुनी हातखंडा चीज, पूर्वी तिच्यात विकलेल्या जमिनीच्या पैशाची फटफटी यायची आणि फटफटी घेणारं पोर नाक्यावर मरायचं. लोकांना ती पाठ होती, आधीच हसायला तयार. शाहीर फटफटीपाशी आले, थांबले, आणि म्हणाले की आता फटफटी जुनी झाली. आता पोरगा जमीन विकतो आणि डीजे घेतो. आणि त्याच जमिनीवर, जी आता त्याची नाही, हळदीला नाचतो.

दीडशे माणसं वळून माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो, हसावं लागतं. शाहिरांना अकरा गुंठ्यांचं माहीत होतं का? मला अजून कळलेलं नाही. माझा अंगठा त्यांच्याच फेडरवर होता. साउंडवाल्याच्या हातात तेवढं असतं. एक खूण खाली, आणि ओळ मागे बसलेल्यांना पोचत नाही. कुणाला कळतही नाही. मी अंगठा उचलून गुडघ्यावर ठेवला. त्यात मोठेपणा काही नव्हता. कडेला माझा हेल्पर बघत होता.

शेवटचं गाणं तुणतुण्यावरचं. त्यात शाहिरांनी प्रश्न करायचा आणि साडूंनी उत्तर द्यायचं. इतका वेळ दोघं आपापल्या माईकसमोर सरळ उभे, एकमेकांकडे नजर नाही. पण हे गाणं त्यांनी शंभर वेळा एका माईकवर म्हटलं होतं, कारण तेव्हा त्यांच्याकडे एकच होता. पहिल्या उत्तराला काका आपला माईक सोडून शाहिरांच्या माईकपाशी आले. ठरवून नाही, पायांना तीच सवय. डोक्याला डोकं लागलं. शाहिरांनी मान जराशी डावीकडे घेतली, एवढीच की काकांचं तोंड माईकपाशी येईल. मी काकांच्या माईकचा फेडर खाली ओढला, कारण रिकाम्या राहिलेल्या त्या माईकमधून शिट्टी यायला लागली होती.

काकांच्या उत्तरात एक जुनी ओळ होती जिच्यात ते म्हणतात, मी जमीन देणार नाही. ती त्यांनी म्हटली नाही. त्या जागी नुसती तार वाजवली. शाहिरांनी थांबून वाट पाहिली, मग पुढचा प्रश्न विचारला. झील बरोबर जागी पडली. लोकांच्या लक्षात आलं की नाही सांगता येत नाही, मी मधे काही भरलं नाही एवढं खरं.

दहाला दहा कमी असताना संपलं. टाळ्यांपेक्षा लोक खुर्च्या गोळा करायला लागले, आपल्याकडे ती पसंतीची खूण असते. अधिसूचनेवर हरकतींचे कागद एका टेबलावर होते, त्यापुढे रांग लागली. मिक्सरवर दव पडलं होतं, ते पुसत होतो. शाहीर एका रिक्षातून गेले, काका दुसऱ्या. बोलले नाहीत. आत्या माझ्यापाशी आली, म्हणाली, परवाच्या हळदीला माझा माईक असाच ठेव. मी हो म्हटलं. ठेवलाही, पण वर बेस होतेच. पोरं ऐकेनात.

मिक्सरमधून मी सगळा कार्यक्रम रेकॉर्ड केला होता. एक तास सत्तेचाळीस मिनिटं. आठवड्याने शाहीर दुकानात आले आणि एक पेनड्राइव्ह भरून घेऊन गेले. त्याच संध्याकाळी काका आले, त्यांनाही एक भरून दिला.